नऊ किलो राजमा

मंडळी, एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. माणूस जास्त कुणाला भितो — यमाला की शेजारणीला? यम एकदाच येतो. शेजारीण रोज येते. मृदंगबुवा, तुम्ही हसू नका. मृदंग कुठे संपतो आणि पोट कुठे सुरू होतं, हे मघापासून मला कळेना झालंय.

ऐका. आफ्रिकेत कंपाला नावाचं शहर आहे. तिथल्या बाजारात नामातोवू नावाची बाई राजमा विकायची. वय अठ्ठावन्न, वजन ब्याण्णव. लोक म्हणायचे, खात्यापित्या घरची दिसते! तिला बरं वाटायचं. का? तिच्या तरुणपणी त्या शहरात एक रोग आला होता. माणूस आधी वाळायचा, मग शेजारी यायचे बंद व्हायचे, मग तो जायचा. तिची धाकटी बहीण तशीच गेली. शेवटी तिच्या हातचं पाणीही कुणी घेत नव्हतं. तेव्हापासून नामातोवूच्या मनात एकच गणित — जाड तो जिवंत.

पण एके सकाळी तिच्या पायात खिळा घुसला, आणि तिला तो कळला संध्याकाळी, चप्पल काढताना!

डॉक्टर म्हणाले, "साखर आहे. ही गोळी घ्या, वजन उतरवा. नाहीतर आधी पाय जाईल, मग डोळे."

घाबरली. चालू लागली, चहातली साखर सोडली, ताटातली उकडलेली केळी निम्मी केली. चार महिन्यांत नऊ किलो उतरले. जिंकली की हो!

तर शेजारच्या गाळ्यावरची जोसेफीन, वीस वर्षांची मैत्रीण, म्हणाली, "काय गं, वाळत चाललीस? बरी आहेस ना?"

"बरी आहे की."

"तुझी बहीणही असंच म्हणायची."

संपलं.

गुरुवारी दवाखाना. वजनकाटा रांगेसमोर, नर्स आकडा ओरडून सांगणार, आणि रांगेत मागे जोसेफीन, तिचीही साखरेची गोळी तिथूनच. मग या बाईनं काय करावं? कापडी पट्ट्यात राजमा शिवला आणि घोळदार झग्याखाली कंबरेला बांधला. नऊ किलो म्हणजे नऊ, दाणा कमी नाही. जन्मात गिऱ्हाइकाला काटा मारला नाही. मारला तो स्वतःला.

"ब्याण्णव!" नर्स ओरडली.

"बाई, जीव भांड्यात पडला माझा," जोसेफीन म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पाहिला. साखर तपासायच्या पट्ट्या त्या आठवड्यात संपलेल्या. "चार महिन्यांत काहीच फरक नाही? गोळी दुप्पट करू."

खरं तिच्या जिभेवर आलं होतं. पण दार उघडं होतं आणि बाहेर जोसेफीन. तिनं खरं गिळलं, आणि घरी जाऊन गोळ्याही गिळल्या.

तिसऱ्या दिवशी बाजारात हात थरथरायला लागले. घामाच्या धारा. तराजूतले राजम्याचे दाणे एकाचे दोन दिसू लागले. डोळ्यांपुढे बहिणीची खाट आली, आणि बाई पोत्यावर कोसळली. जोसेफीन धावली, कंबर सैल करायला गेली, तर पट्टा टरकन फाटला.

"अगं आई, हिच्या पोटातून राजमा निघतोय," मिरचीवाली म्हणाली.

"गोळीनं साखर फार उतरलीय हिची, साखर आण आधी," जोसेफीन म्हणाली. गोड चहा घोट घोट पाजला, तेव्हा कुठे नामातोवूनं डोळे उघडले.

"हे काय बांधलंयस?"

"तूच म्हणालीस ना, वाळलीस."

जोसेफीन खाली बसून सांडलेला राजमा वेचू लागली.

पुढच्या गुरुवारी नामातोवू पट्ट्याशिवाय काट्यावर चढली. "त्र्याऐंशी!" रांगेत कुजबुज. तरी उघड्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं ती डॉक्टरांना म्हणाली, "मागच्या वेळी नऊ किलो राजमा होता. गोळी कमी करा."

बाहेर येऊन बाकावर बसली. शेजारची बाई थोडी सरकली. मग आणखी सरकली. हातभर जागा मोकळी झाली. हीच ती जागा, मंडळी, जिला ती तीस वर्षं भीत होती.

जोसेफीन रांगेतून निघाली आणि त्या जागेत येऊन बसली. बाक करकरलं.

आता तुमच्याकडे वळतो. कुणी सुटलं की तुम्ही म्हणता, तब्येत सुधारली. कुणी उतरलं की — अरेरे, किती खराब झालीस! कुणाच्या कंबरेला किती किलो बांधलेत आजवर? आठवा. मला सांगू नका, मीही बांधलेत. यापुढे अशी कुणी दिसली आणि चांगलं काही सुचलं नाही, तर नुसतं तिच्याजवळ बसा. आणि आता, ज्याला आपला कुणाचाच भार झाला नाही, त्या विठ्ठलाचं नाव घ्या.