आईला होता का असा त्रास

—तर बसा की विहीणबाई, उभ्या कशाला, चहा टाकलाय तो पिऊनच जा. श्रुतिकाची बॅग दारात भरून ठेवलीय, बघितलीत ना? ती तुमच्यासंगं येणार. नाय नाय, रडू नका, मी काय हाकलते हाय? महाडच्या डॉक्टरीणबाईनंच सांगितलं— काय ते एंडो का काय— गर्भाशयाचं अस्तर बाहेरच वाढतं, म्हणून पोरगी दर महिन्याला कमरेतनं मोडते, म्हणून दोन वर्सं झाली तरी पाळणा हलत नाय. मग डॉक्टरीणबाईनं तुमाला विचारलं, आईला होता का असा त्रास? आणि तुमी हो म्हणालात. माझ्यासमोर. कुणी विचारलं म्हणून एवढं खरं सांगतं होय?

औषध हाय, पोरं होतात, आईला असलं म्हणून लेकीला होतंच असं नाय— ऐकलं मी तेपण, कान हायत मला. पण सोयरीक करताना आमी देवक पाहिलं, मामाचं घर पाहिलं, तुमच्या कापडे गावात चार दारी चौकशी केली. पाळीत पोरगी किती लोळते हे कोण विचारतं? तुमी सांगायचं. आमी नसतं लपवलं— माझी बहीण बया, दासगावला दिलेली, सासरच्यांनी अशीच परत धाडली. आई म्हणाली ढोंग करते, शेरडांच्या गोठ्यात बाजूला बसवायची. भात मीच सरकवायची दारातनं. गोधडीचं टोक तोंडात कोंबून पडलेली असायची. सहा वर्सं. म्हणून सांगते, तुमची लेक ढोंग नाय करत, मला कळतं. कळतं म्हणूनच नको.

काय? आमच्या माधुरीलापण असंच होतं? श्रुतिका बोलली वाटतं. माझ्या लेकीचं वेगळं हाय, तिला पित्त हाय. होतं एकेकीला महिन्यातनं चार दिवस पित्त. ते पित्त दाखवायला नेली तवा डॉक्टरीणबाईनं मलापण विचारलं होतं, तुमच्या घरात कुणाला? मी सरळ नाय म्हटलं. माधुरी बाहेर बाकड्यावरच बसलेली, तिनंपण ऐकलं. शिकली असंल. आज अकराला पोलादपूरचे पाव्हणे येतायत तिला बघायला. सून कुठाय विचारलं तर माहेरी गेलीय म्हणून सांगेन, खोटं काय त्यात?

माधुरी, उठलीस का गो? पोट दाबून बसू नको तशी, साडी चुरगळंल. फडताळात श्रुतिकाच्या गोळ्या काढून ठेवल्यात, त्यातली एक घे— 

काय बघताय विहीणबाई? चहा राहू दे. लेकीला घ्या आणि मागच्या दारानं निघा.