आईले घेऊन उतरा

हॅलो?… ट्रंककॉल? हो, चंद्रपूरच. जोडा… हॅलो, कमले? हळू बोल. कुठून?… जिमलगट्ट्याच्या जंगलनाक्यावरून? म्हणजे सिरोंच्याले पोचल्याच नाई अजून?… काय? चावी काढली, तरी धूर येते?… हो, हो… अगं ऐक ना. आई कुठी आहे?

बाबांच्या अस्थी सिरोंच्याला गोदावरीत सोडायला आई आणि धाकटी कमला बाबांचीच जुनी लँडमास्टर घेऊन सकाळी निघाल्या होत्या. कमलाला गाडी बाबांनीच शिकवलेली, सीताला तिची दुरुस्ती. अंगात ताप म्हणून थोरली सीता तेवढी चंद्रपूरला मागे राहिली होती.

गाडीतच?… काऊन उतरत नाई?… रुखमाआत्यानं सांगितलं? अस्थी घेऊन निघालं की नदी येईपर्यंत भुईले पाय लावायचा नाई, नाईतर गेलेल्याचा जीव तिथंच राहते?… त्या आत्याचं काय ऐकता तुम्ही… बरं, ते राहू दे. डिकीतला पेट्रोलचा डबा?… आतच? पहिले तो काढ. नाक्यावरच्या भाऊले म्हण, दूर नेऊन ठेवा… घेऊन गेला तो? बरं.

आता सांग, बॅटरीले कोणी हात लावला?… नथ्थू कोण?… ट्रकवाला. तुमची बॅटरी उतरली, त्यानं आपल्याजवळची दिली. मायनस बॉडीले लावला का?… लावला. नाई, त्याची चूक नाई, साऱ्या गाड्यांत तसंच असते. बाबाच्या गाडीत उलटं आहे, कमले. प्लस बॉडीले… म्हणून डायनमोची वायर जळून राह्यली. चावी काढून ते थांबत नाई. बॅटरीची वायरच काढा लागते. बॉडीले लागली ती पहिले. पान्यानं. बांगड्या उतरव… थांब, पण पहिले आई.

ओढू नको तिले. अस्थीचं मडकं हातातून सुटलं तर ती जन्मभर… ऐक. रस्त्यात पूल आला की आई काय म्हणत होती?… "पूल आला, चला." आणि वळणावर?… "वळण आलं, चला." सांगून सांगूनच नेऊन राह्यली ना बाबाले? मग हेही सांग म्हण तिले. सांगितलं की ते मागे राहत नाई… ती नाई म्हणली तर तू म्हण. मोठ्यानं. "बाबा, गाडी जळून राह्यली, आईले घेऊन उतरा." जा. फोन ठेवू नको, टेबलावर तसाच राहू दे. पळ.

पलीकडून कोणाचं तरी खोकणं आलं, मग तेही थांबलं. बाबा गेले तेव्हाही दवाखान्यातून कोणी बोलेल म्हणून सीता असाच रिसीव्हर धरून उभी होती. आताही ती बसली नाही. बसलं तर काही वाईट ऐकावं लागेल, असं उगाच वाटत होतं.

हो… तीन मिनिटं झाली?… वाढवा, ताई. कापू नका. आणखी वाढवा…

कमले?… रडू नको, बोल… उतरली? स्वतःहून?… मडकं?… छातीशी. वायर निघाली?… धूर?… कमी होते का?… बरं. तुले भाजलं?… अंगठा पाण्यात धर.

लगेच काही जोडू नको, गार होऊ दे. मग डायनमोची जाड वायर, जळाली ती, दोन्हीकडून काढून फेक. प्लस बॉडीले. गाडी नुसत्या बॅटरीवर चालते, पण दिवे लावायचे नाई. उजेडातच सिरोंचा गाठा.

आई काय करून राह्यली?… बोनेटपाशी? कोणाशी बोलते?… कोणती वायर जळाली ते बाबाले दाखवून राह्यली…

दाखवू दे. घाई नको करू तिले… आणि कमले, निघताना विसरू नका. तुम्ही दोघी बसाल आणि ते तिथंच… दार लावायच्या आधी त्याईले म्हणा, बसा. पहिले त्याईले. ऐकलं का?… कमले, ऐकलं का?… हॅलो?… ताई, लाईन गेली का?… हॅलो?