बाळंतिणीच्या खिडकीतला पंखा

न्हाई न्हाई, धर्मराजभाऊ, तोंड बाहेर करा त्याचं — असा ठेवलात तर धूर साऱ्या घरात पसरंल की! कूलरचा पंखा हाय, जड हाय. ती केबलची वायर घ्या न् गजाला आवळा. स्टूल मी धरते. सांजच्याला जंगम स्वामी यायचेत नातवाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला, आन खोलीत ह्यो धूर — शोभतं का?

काय म्हणलात? हां, दगडी कोळसाच. परळीत थर्मलचा कोळसा सोडून दुसरं काय मिळतंय? बाळंतिणीला शेक तर द्याया पायजे. अंगणात शेगडी पेटवायची, धूर सरला की खाटंखाली सरकवायची — माझ्या सासूनं मला असंच शेकलं. आज जरा लवकर आत नेली, इतकंच. खिडकीच्या फटीत चिंध्या मीच कोंबल्या — ओल्या बाळंतिणीला वारं लागलं म्हंजे? सूनबाई म्हणत व्हती, आत्या, डोकं लई दुखतंय, दार उघडा. मला वाटलं, पहिलटकरीण, नखरे करतीय. मी भाकरी थापत बसले. मग दार उघडलं तर रुचिका उंबऱ्यापाशीच पडलेली, बाळ पोटाशी धरून. मी आन शेजारच्या तुळजाबाईनं उचलून तिच्या ओसरीवर नेलं दोघांना. माझा पोरगा मृत्युंजय रिक्षा आणाया गेलाय, दवाखान्यात न्यायचंय.

उंबऱ्यापाशी कशी? — आता काय सांगू? सारखी उठून दार उघडायची ती. वारं लागू नये म्हणून — लोटून घेतलं व्हतं मी. बाहेरून.

मी कावून जात न्हाई तिकडं? कशी जाऊ, स्टूल कोण धरंल? सूनबाई वकली, म्हंजे शुद्धीवर आली. आन बाळ — न्हाई, सांगू नका! तुमी बटन दाबा.

लागला! बघा कसा वढतोय. भिंत दिसाया लागली. खाट दिसाया लागली. झबलं पडलंय बघा खाली, त्येचं — भाऊ, बंद करा. बंद करा म्हणते पंखा! ह्या घरघरीत तुळजाबाईची ओसरी ऐकू येईना मला.

केला न्हवं बंद? मग कावून काहीच ऐकू येईना? रोज सारी आळी उठवतंय ते रडून. भाऊ, मला लई भ्या वाटतंय. कडी घातली व्हती मी. ती आतून दार वाजवत व्हती आन मी भाकरी थापत व्हते — ऐकलंत का?

थांबा. थांबा हो — रडतंय. तेच हाय न्हवं? आमचंच हाय न्हवं? रडतंय!

उतरा, उतरा खाली, मला जाऊ द्या. पंखा चालू करून ठिवा. आन मी काय बोलले न्हाई तुमाला, काहीच न्हाई. फकत — पेचकस हातात हाय तोवर त्या दाराची बाहेरची कडी तेवढी काढा. काढून घेऊनच जा.