चिठ्ठीवरचं माप

देवपुरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात चेलना बिघडलेला लॅपटॉप घेऊन थांबली होती. पुढे तिचे ब्लाउज शिवणारी डिंपल, भाऊ योगराजला सोबत घेऊन, दुकानदाराशी भांडत होती.

"हे ग्राफिक्स कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीत बसतच नाही!"

"ताई, तुमची पेटीच छोटी."

"म्हणून तर चिठ्ठीवर माप दिलं होतं! साडेसहा इंच, वर एक सूतही नको. हे पावणेदहा आहे!"

"म्हटलं, तुमचा काही अंदाज चुकला असेल. योगराजभाऊंना फोन केला. ते म्हणाले, मोठं द्या."

"दिवसभर ब्लाउज बेतते मी. पाव इंच चुकलं तर बायका घर डोक्यावर घेतात. आणि माझं माप म्हणजे अंदाज?"

"रागावू नका. गेम भाऊंनाच खेळायचाय ना?"

"गेम मी खेळते!"

"योगराजभाऊ, तुम्हीच समजवा यांना."

"माले काय इचारतस भाऊ? माले ते चालू कराले बी येस नही. मी नुसता इले गाडीवर लई उनू." योगराजने बहिणीला घेऊन आलेल्या गाडीची किल्ली दाखवली.

दुकानदाराने कार्ड खोक्यात कोंबलं. "देतो बदलून, साडेसहाचं." मग तो चेलनाकडे वळला.

"बोला ताई. सोबत कोणी आलंय का?"

चेलनाने लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"आहे की. ही डिंपल."