माळ्याच्या खिडकीतला कंदील

नाना : तुळशीचं लग्न लागेपर्यंत कंदील उतरवायचा नसतो, एवढं तरी ठाऊक आहे ना तुला? का जर्मनीत येऊन तेही विसरलीस?

विभावरी : नाना, प्लीज. शिरीष आत्ता निघेल ब्रांडल आजोबांना हॉस्पिटलमधून आणायला. ते गाडीतून उतरले की पहिली मान वर करून ही माळ्याची खिडकीच बघणार.

नाना : बघू दे की! बांबूच्या काड्या आणि लाल कागद पुण्याहून बॅगेत घालून आणलाय मी. विमानतळावरचा तो कस्टमवाला उलटसुलट करून बघत होता शिंचा. जन्मभर स्टेशनात उभं राहून गाड्यांना दिवे दाखवले, आता तुमच्या घरमालकाला एक दाखवतो.

विभावरी : तेच नको म्हणतेय मी. घर भाड्याने घेतलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. फोडण्या द्या, आरत्या म्हणा, आमच्या छोट्या अन्वीने वर धुडगूस घातला तरी चालेल. फक्त माळ्याच्या खिडकीत दिवा नको. तिथला बल्बसुद्धा काढून ठेवलाय त्यांनी.

नाना : मग मला लावू कोणी दिला?

विभावरी : मीच. म्हटलं, खुबा मोडून हॉस्पिटलात पडलेत, चार दिवस कोण बघतंय. आल्झो... बरं, चूक माझीच आहे. पण आता काढा.

नाना : कोण बघतंय काय? परवा तिन्हीसांजेला एक म्हातारा फिदा झाला होता माझ्या कंदिलावर.

विभावरी : कोण म्हातारा?

नाना : मला काय माहीत? समोरच्या बसस्टॉपवर उभा. बस आली, गेली, दुसरी आली, हा आपला चढतच नाही. नुसता वर बघतोय. मी इथून हात केला. तर काय करावं त्याने? हॅट काढली, खिशातून रुमाल काढला आणि टक्कल पुसलं! अगं, इथे दोन स्वेटर घालून माझे दात वाजतायत आणि ह्याला घाम. मग हॅट घातली आणि निघाला स्टेशनकडे, डावा पाय ओढत ओढत. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

विभावरी : नाना... पुन्हा सांगा. रुमालाने काय केलं?

नाना : डोकं पुसलं. का गं? अशी पांढरीफटक का पडलीस?

विभावरी : आणि डावा पाय? नक्की डावा?

नाना : डावा म्हणजे डावा. माझा मोतीबिंदू काढलाय, डोळे नाही काढलेले. झालं काय?

विभावरी : बसा तुम्ही. खाली बसा आधी. काल हॉस्पिटलमध्ये आजोबांनी मला सगळं सांगितलं. दिवा का नको ते. तुम्हाला सांगणारच होते, पण काल तुम्ही लवकर झोपलात.

नाना : सांग.

विभावरी : युद्धात ते रशियाच्या आघाडीवर होते. रशियन येत होतं, म्हणून पकडलेल्या शिपायांची चौकशी करायचं काम. त्यात ग्रीशा नावाचा एक पोरगा होता, विशीसुद्धा गाठली नव्हती. ह्यांनी त्याला बर्फात उभं करून प्रश्न विचारले. डाव्या पायाची बोटं गेली त्याची.

नाना : आपले ब्रांडल? रोज अन्वीला चॉकलेट देतात ते?

विभावरी : तेच. मग जर्मनी हरली. अमेरिकनांनी ह्यांना पकडलं. आता फासावर चढवणार असं धरून बसले होते, तर त्यांनी पगार चालू केला. कालपर्यंतचा शत्रू, पण रशियाची माहिती ह्यांच्याकडे आहे ना! आणि ग्रीशाला मायदेशी परतायची सोय नव्हती. शत्रूच्या हाती जिवंत लागला म्हणजे तो तिकडे गद्दार. म्युनिकजवळ निर्वासितांच्या छावणीत पडून होता. ह्यांनीच त्याला शोधून काढलं आणि हेरगिरीला लावलं.

नाना : ज्याचा पाय घालवला, त्यालाच?

विभावरी : त्यालाच. सीमेपलीकडे जायचं, बातमी काढायची, परत ह्या घरी यायचं. तेव्हा इथे आजूबाजूला नुसती शेतं. खूण ठरली होती. माळ्याची खिडकी अंधारी असेल, तर खुशाल वर ये. दिवा दिसला, तर धोका आहे, थांबू नकोस, पुढे जा. आणि दिवा पाहिला हे इथे कळावं म्हणून त्याने रस्त्यावरून...

नाना : टोपी काढून डोकं पुसायचं.

विभावरी : हो.

नाना : अरे देवा.

शिरीष : विभा, गाडीची किल्ली बघितलीस का? मला ऑलरेडी उशीर... काय झालं? दोघांचे चेहरे असे का?

विभावरी : शिरीष, तो ग्रीशा परवा आला होता. नानांनी पाहिलं. कंदील बघून डोकं पुसलं आणि निघून गेला.

शिरीष : एक मिनिट, एक मिनिट. कोण सांगतं तो ग्रीशा होता? युद्ध संपून साठ वर्षं होत आली. तो कधीच मेला असणार. कुठलातरी पेन्शनर असेल, आकाशकंदील कधी बघितला नसेल, बघत उभा राहिला.

विभावरी : आणि पाय?

शिरीष : ह्या गावातले निम्मे म्हातारे पाय ओढतात. लॉजिकली विचार कर ना.

नाना : थंडीत घाम पुसतात का रे निम्मे म्हातारे?

शिरीष : नाना, तुम्ही आता तिला आणखी घाबरवू नका.

नाना : मीच घाबरलोय, तिला काय घाबरवू! विभा, पुढचं सांग. तेव्हा काय झालं होतं?

विभावरी : दोनदा सुखरूप आला. तिसऱ्यांदा यायच्या आधी वरून हुकूम आला, की हा फुटलाय, रशियनांना मिळालाय, त्याला आत घेऊ नका. खरं का खोटं, आजोबांना कधीच कळलं नाही. पण दिवा त्यांनी स्वतःच्या हाताने लावला आणि पडद्यामागे उभे राहिले. ग्रीशा आला. पाऊस पडत होता. वर बघितलं, टोपी काढली, डोकं पुसलं आणि गेला. खिशात पैसे नाहीत, कागद नाहीत, जायला देश नाही. पुन्हा कोणाला दिसला नाही. ह्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढे हेच घर विकत घेतलं. तेव्हापासून ही खिडकी अंधारी. म्हणजे तो कधीही आला तरी...

नाना : तरी वर येईल.

विभावरी : गेनाऊ, अगदी तेच. आणि मी रोज हॉस्पिटलात डबा घेऊन जायचे ना, तेव्हा ते एकच प्रश्न विचारायचे. कोणी आलं होतं का? मला वाटायचं, पोस्टमनबद्दल विचारतायत. मी हसून नाही म्हणायचे.

शिरीष : मग आजही नाही म्हण. झालं. तुम्ही त्यांना काय सांगणार आहात? तुमचा माणूस इतक्या वर्षांनी आला आणि आम्ही त्याला परत घालवला? मरतील ते ऐकून.

नाना : आणि तो जिवंत आहे, हे न कळताच मेले तर? इतकी वर्षं त्यांना वाटतंय की आपण त्या पोराला मारलं. अरे, तो म्हातारा झाला! चांगला हॅट घालून फिरतोय! एवढं ऐकलं तर सुखाने डोळे मिटतील.

शिरीष : पण ते सांगितलं, की कंदील सांगावा लागतो. दोन्ही एकातच अडकलंय, नाना.

नाना : कळतंय मला. दिवा मी लावला, मला नाही कळणार? एक सांगतो. लाल दाखवून गाडी उभी केली, की ती पुढे काढेपर्यंत स्टेशनमास्तरची सुटका नसते. लाल दाखवून जेवायला घरी निघून जाता येत नाही.

शिरीष : हे स्टेशन नाहीये.

नाना : ते बघूच. त्या स्टेशनात जाऊन त्याला शोधू का मी? विचारू लोकांना?

विभावरी : परवाची गोष्ट आहे नाना. आणि कोणत्या भाषेत विचारणार? शिरीष, तू निघ. आजोबा तयार होऊन बसले असतील. नाना, तुम्ही कंदील उतरवा. काय बोलायचं ते मी बघते.

शिरीष : नाही म्हण, विभा. माझं ऐक.

नाना : आला होता म्हण.

विभावरी : तुम्ही दोघं जरा गप्प बसा हो! बोलायचं मला आहे.

(दुपार. ब्रांडल खाली त्यांच्या खोलीत. विभावरी जिना चढून माळ्यावर येते.)

नाना : झोपले?

विभावरी : नाही. दोन घास खाल्ले. शिरीष बसलाय खाली.

नाना : विचारलं त्यांनी?

विभावरी : गाडीतून उतरले ते आधी खिडकीकडेच बघितलं. अंधारी दिसली तसा इतका बरा झाला चेहरा, की मला लाज वाटली. मग पलंगावर टेकले आणि नेहमीचंच. कोणी आलं होतं का?

नाना : मग?

विभावरी : आला होता म्हटलं. समोर उभा होता, बराच वेळ वर बघत. डावा पाय ओढत गेला. नाना, माझा हात असा घट्ट धरला त्यांनी! जिवंत आहे, जिवंत आहे, म्हणत लहान मुलासारखे रडले.

नाना : शाब्बास. शाब्बास पोरी. आणि कंदिलाचं?

विभावरी : त्यांनीच विचारलं. खिडकीत दिवा होता का? माझी जीभच रेटेना. नाही म्हटलं. नेहमीसारखा अंधार होता म्हटलं. रुमालाचं बोललेच नाही.

नाना : असू दे. त्यांच्या जिवाला बरं वाटलं ना? झालं तर मग.

विभावरी : नाही हो, बरं नाही झालं. रडायचे थांबले. मग मला म्हणाले, अंधार होता, तर मग वर का नाही आला?

नाना : मग तू काय सांगितलंस?

विभावरी : मी आपली त्यांची उशी नीट करत बसले. शेवटी त्यांनीच मान डोलावली. म्हणाले, बरोबर आहे त्याचं. मी असतो तर मीही आलो नसतो. आणि भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी काय करून बसले नाना हे?

नाना : रडू नकोस. ऊठ. त्या कपाटावर कंदील ठेवलाय, तो दे इकडे. आणि चल माझ्याबरोबर खाली, मला त्यांची भाषा येत नाही.