डाव्या डोळ्याचा ठराव

(साल एकाहत्तर. नगराध्यक्ष नानासोंच्या घरची ओसरी, उन्हं कलायची वेळ. नानासो डोळ्यांवर ओली पट्टी घेऊन आडवे. उशाशी त्यांच्या पत्नी विजयमाला, नगरपालिकेत बायकांच्या राखीव जागेवरच्या सभासद. समोर उपनगराध्यक्ष आदगोंडा, पेठेतले कापडवाले. आदगोंडा आणि विजयमाला दोघांनीही काळे चष्मे लावलेत. पालिकेची सभा दुपारीच उरकली आहे.)

नानासो : आन् मी म्हंतो, हात वर करायच्या आदी मानसानं एकदा तरी डोकं चालवावं का न्हाई?

आदगोंडा : डोकं? नानासो, पार्टीत घेताना तुमीच सांगिटलासा की. डोकं घरी ठेवून या, डोळा तेवढा माझ्याकडं ठेवा.

नानासो : पर कोणत्या डोळ्याकडं बगायचं ते ठरल्यालं हाय का न्हाई?

आदगोंडा : हाय की हो. डावा मिटला की हात वर, उजवा मिटला की हात खाली. आज सभा सुरू झाल्यापासनं तुमचा डावा मिटलेला. आमी हात वर करून बसलो. ठराव येतोय, मंजूर होतोय. ठराव येतोय, मंजूर होतोय. खांदे भरून आले बघा. मिलिटरीतनं रिटायर झालेल्या आपल्या जोतिबा हवालदारानं तर मधे हात बदलला.

नानासो : आरं, मिटल्याला न्हवता, आल्याला हुता! डोळं आल्यात मला! समद्या गावाला आल्यात, समद्या जगाला आल्यात, रेडिओवाला घसा खरवडून सांगतोय!

आदगोंडा : ते मान्य. पण आलेला डोळा आन् मिटलेला डोळा लांबनं सारखाच दिसतोय की.

विजयमाला : हलू नगासा. पट्टी सरकतीया.

नानासो : मी काळा चष्मा लावून बसलो हुतो. त्यो कुनी काढाय लावला?

आदगोंडा : मी. सगळ्यांचाच चष्मा काळा. समोर बघावं तर सभा हाय का आंधळ्यांची शाळा, काय कळंना. जोतिबा हवालदार उठून सलाम ठोकून म्हणालाय, 'साब, सिग्नल नहीं आता.' मग मी म्हटलो, अध्यक्षांनी चष्मा काढावा. कामकाज अडलंय.

नानासो : आन् ह्ये समदे चष्मे कुनाच्या दुकानातलं?

आदगोंडा : माझ्याच. साथीत धोतरजोडी कोण घेईना, म्हणून सांगलीहून खोकं आणलो. घाईत निवडायचं राहिलं. हवालदाराच्या वाट्याला लाल काच आली. तो म्हणालाय, साथ लय वाढली, आता म्हशींचे बी डोळे आले.

नानासो : हसू नगंस.

आदगोंडा : हसालो न्हाई. डोळ्याला पाणी येतंय.

विजयमाला : भावजी, पेठेत काय म्हंत्यात साथीचं?

आदगोंडा : काय म्हणायचंय वैनी! निम्मी पेठ म्हणती, माणसं चंद्रावर गेली, बुटाला धूळ लावून आली, तीच उडाली. निम्मी म्हणती, नानासोंच्या दवंडीमुळं झालं. शिदूनं दवंडी दिली न्हवं, 'कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, ढम ढम.' तवापासनं लोक पाठ करून व्यवहार करालेत. परवा कोरेगावच्या बाजारात एकानं बैलाकडं पाठ करून बैल घेतला. घरी येऊन बघतोय तर गाय.

नानासो : ह्यात माझा काय दोष?

आदगोंडा : दोष न्हाई. गाय दुभती निघाली. तो तुमचं नाव काढतोय.

नानासो : त्ये ऱ्हाऊ दे. डोळ्याच्या चुरचुरीत माजं ध्यान नव्हतं. सांग, काय काय मंजूर झालं?

आदगोंडा : चहाच्या सुट्टीपर्यंत सगळंच. डास मारायचा ठराव मंजूर, डासाचं औषध परत पाठवायचा ठरावबी मंजूर. तुमच्या अभिनंदनाचा मंजूर. तुमच्या निषेधाचा मंजूर.

नानासो : निषेध कुनी मांडला?

आदगोंडा : केरबानं. विरोधी पक्ष हाय, दर सभेला एक मांडतोय बिचारा. आज आपल्या सगळ्यांचे हात वर गेले आन् तो घाबरला. म्हणालाय, नानासो स्वतःचा निषेध मंजूर करतोय म्हंजे ह्यात नक्की काय तर गोम हाय. आन् स्वतःच्याच ठरावाच्या विरोधात हात वर केला. सबंध सभेत तुमच्या बाजूनं बोलला तो एकटा केरबा!

विजयमाला : भला मानूस.

नानासो : तू गप ऱ्हा. खरी आग तुजीच हाय. जकात नाक्याच्या जागंवर काय मंजूर झालं, त्ये सांग की तुज्या तोंडानं!

विजयमाला : बायकांचा संडास.

नानासो : बग! नगराध्यक्षाच्या घरातल्या बाईच्या तोंडात ह्यो शबुद!

विजयमाला : कागदावर शौचकूप लिवलंय. माज्या तोंडाला त्यो येत न्हाई.

नानासो : त्या जागंवर माज्या आबांच्या नावाची कमान व्हायची हुती! गावात शिरणाऱ्या मानसाला पैल्यांदा काय दिसावं?

विजयमाला : आत्ता काय दिसतंय, त्ये एकदा भल्या पहाटं जाऊन बगा.

नानासो : अगं, पर ह्यो ठराव तू दर सभेला मांडतीस. मी उजवा डोळा मिटतो. आन् मग तूच आपला हात खाली घेतीस. कसं बिनबोभाट चाललं हुतं!

विजयमाला : व्हय. डोळा उजवा असंल तर मी हात खाली घेती. आज डावा हुता, वर केला. पार्टीची शिस्त.

आदगोंडा : वैनींचा मुद्दा बरोबर हाय.

नानासो : आदगोंडा!

आदगोंडा : न्हवं, मुद्दा चूक हाय, पण बरोबर हाय.

नानासो : बरं, संडास डाव्या डोळ्यानं झाला. मग च्याच्या सुट्टीनंतर आबांची कमान आली. तीबी डाव्या डोळ्यानं मंजूर व्हाया नगं? ती कशी पडली?

आदगोंडा : तवा तुमचा उजवा मिटलेला. डावा टकटकीत उघडा. आमी म्हटलो, असंल काय तर राजकारण. कमान आपल्या पार्टीनं एकमतानं फेटाळली. केरबा तेवढा कमानीच्या बाजूनं रडला.

नानासो : माज्याच बापाची कमान, माज्याच पार्टीनं, बांदायच्या आदी पाडली! उजवा कसा मिटला माजा? सकाळी तर धड हुता.

विजयमाला : औषध घातलं न्हवं का?

नानासो : कुनी?

विजयमाला : मी. तुमी च्या पीत हुता तवा. डावा गरम पान्यानं धुऊन उगडला, आन् उजव्यात तुरटीचं पानी सोडलं. डाक्टर म्हनले हुते, एकाचं दुसऱ्याला लागतंय, खबरदारी घ्या.

नानासो : सभा चालू असताना खबरदारी?

विजयमाला : बायको म्हनून घातलं. सभासद म्हनून न्हाई.

नानासो : आदगोंडा, लिवून घे. उद्याच्या उद्या खास सभा. ठराव रद्द. आन् उद्या डावा न्हाई आन् उजवाबी न्हाई, सरळ तोंडानं सांगतो मी.

आदगोंडा : तोंडानं? उघड? सभेत?

नानासो : व्हय, तोंडानं!

आदगोंडा : आरं देवा. तसं आपण कधी केलं न्हाई. आन् नानासो, मी आलो ते हेच सांगायला. उशीर झालाय. शिदूनं दवंडी दिली.

नानासो : कसली?

आदगोंडा : 'नगराध्यक्ष नानासो ह्यांच्या कृपादृष्टीनं नाक्यावर बायकांची सोय होणार हो, ढम ढम.' कृपादृष्टी म्हटलं की लोक जरा हसालेत, पण बायका जमल्या. पेठेतल्या, वरल्या आळीतल्या, माझी चंपाबाई बी त्यात. दोरी धरून जागा आखली. नारळ फुटला.

नानासो : शिदूला कुनी सांगितलं?

विजयमाला : मंजूर ठरावाची दवंडी द्यायचीच असती. तुमचाच नेम हाय.

नानासो : आन् नारळ कुनी फोडला? त्यालाच पैला बगतो.

आदगोंडा : तुमच्या मातोश्रींनी.

नानासो : आईनं? बयाबाईनं? तिला तर काठीबिगर हलता येत न्हाई!

आदगोंडा : काठी टेकतच आल्या. नारळ फुटंना तर काठीनंच फोडल्या. आन् नाव बी त्यांनीच दिलं.

नानासो : कशाला नाव?

आदगोंडा : सोयीला. शिदू आता दुसरी दवंडी द्यायला निघालाय. 'कैलासवासी आबासाहेब स्मृती महिला शौचकूप हो, ढम ढम.'

नानासो : आबांचं नाव! संडासाला! पकडा त्या शिदूला! ढोल काढून घ्या! आदगोंडा, पळ!

आदगोंडा : पळून काय उपयोग? मी म्हटलो म्हातारीला, आक्का, असं नसतंय. तर त्या म्हणाल्या, 'हयातीत मालकानं मला कुटं आडोसा दिला न्हाई. मेल्यावर तरी द्यू दे.'

विजयमाला : पट्टी बदलू का?

नानासो : आपल्या घरात हाय की एक. परसात. मी स्वतः बांदलाय.

विजयमाला : मंत्री येणार म्हनून बांदला. मंत्री आलाच न्हाई. तुमी त्याला कुलूप घातलं. आता त्यात युरियाची पोती हाईत.

नानासो : आईनं मागितली असती तर किल्ली दिली नसती व्हय?

विजयमाला : कसं मागायचं? पोराला कुटली आई म्हनंल, बाबा, मला तिकडं जायचंय, किल्ली दे? आमी समद्या पहाटं फलटणच्या रस्त्याकडंला जातो. बाभळीच्या आडाला. उसाचा ट्रक आला, उजेड पडला, की उटून उभं ऱ्हायाचं. ट्रक गेला की बसायचं. दुसरा आला की पुन्यांदा उभं. वळखीचा डायवर असला तर हारन वाजवून जातो, मेला.

आदगोंडा : मी... मी जरा बाहेर थांबू का?

विजयमाला : बसा भावजी. चंपाबाई बी आमच्या शेजारीच उभ्या असत्यात.

नानासो : आई कवा बोलली न्हाई.

विजयमाला : सासूबाई पडल्या, कमरंला मार लागला. कुटं पडल्या म्हनून सांगितलं तुमाला?

नानासो : न्हाणीत. पाय घसरला म्हनली.

विजयमाला : डाक्टरांनी तळपायातनं काय काढलं, बगितलासा न्हवं?

नानासो : काटा.

विजयमाला : कशाचा?

नानासो : बाभळीचा.

विजयमाला : न्हाणीत बाभूळ असती व्हय?

आदगोंडा : नानासो, काय तर बोला. असं गप बसलासा की मला हात वर करायचा का खाली, कळंना.

नानासो : ह्या पट्टीवर काय घातलंस गं? गार लागतंय. चुरचुर कमी झाली.

विजयमाला : बाळंतिणीचं दूद.

नानासो : कुनाचं?

विजयमाला : गावात सद्या बाळंतीन एकच. केरबाची सून. ठराव झाल्याचं कळलं तशी वाटी धाडली तिनं. 'सगळ्या बायकांतर्फे नानासोंना' म्हनून.

नानासो : विरोधी पक्षाचं दूद माज्या डोळ्यात!

आदगोंडा : आता कसला विरोधी हो. सबंध सभेत तोच तर तुमच्या बाजूनं होता.

नानासो : आदगोंडा, ती खास सभा...

आदगोंडा : लिवून घेतलोय. ठराव रद्द करायला. उद्या.

नानासो : उद्या कसं जमंल? मला दिसतंय कुटं? अध्यक्षाला दिसाय नगं?

आदगोंडा : मग डोळे बरे झाल्यावर घेऊ. किती दिवसांत बरे होतील?

नानासो : संडास बांदाय किती दिवस लागत्यात?

आदगोंडा : गवंडी मिळाला तर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत होईल की.

नानासो : तेवडंच लागतील. माजं जरा जास्त आल्यात.

आदगोंडा : आन् आबांचं नाव?

नानासो : तेवडं काढाय सांग आईला. कमान नगं, काय नगं, पर नाव काढ म्हनावं.

विजयमाला : मी सांगती. ऐकतील त्या. ट्रकच्या उजेडात कमानीचा आडोसा झाला असता तर त्यांनी कमानीलाच नारळ फोडला असता.

नानासो : आन् युरिया हलवा परसातनं. किल्ली माज्या जाकिटात हाय. आईच्या हातात द्या.

आदगोंडा : मग मी निघतो. आमचं जैनाचं घर, सूर्य बुडायच्या आत पानावर बसलो न्हाई तर आज बी उपास. आन् आज चंपाबाईला काय बोलायची सोय न्हाई. वैनी, चष्म्यावर वाटीतलं सांडलंय बघा, काच पुसून देतो. काढा. अरिहंता! वैनी, तुमचे डोळे तर एकदम नितळ हाईत. तुमाला आले न्हाईत व्हय?

विजयमाला : हळू बोला. आले की भावजी. आज सभेतच आले.