वीस पावलं मागे

— नाही, नाही, भत्त्याच्या चौकशीला आलात तर लिहून घ्या साहेब, शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आमची सरकार — मुलगीच हो, सत्तावीस वर्षांची, घरात हुकूम तिचा चालतो म्हणून सरकार — एकटी घराबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे टाकते. रोज टाकते. पण एकटी नाही. भुवया वर करू नका, सांगतो ना — आणि ते तिचे बूट काय बघताय? तळ झिजलेत, हो. पाय ठणठणीत आहेत तिचे, मी कुठं नाही म्हणतोय? पण रस्त्यात काही बदललं की संपलं. पाववाल्यानं निळं दार पिवळं केलं, तर तिच्या लेखी दुकानच गेलं, ही तिथंच उभी.

मग अर्जावर 'हो' कसं? तुमच्या कचेरीतल्या बाईंनी मला बाहेर बसवलं आणि गोड आवाजात तिला विचारलं, 'ओळखीच्या रस्त्यानं एकटी जातेस का गं?' ती हो म्हणणारच! मीच शिकवलंय. शाळेत पोरं चिडवायची, तेव्हा घोकून घेतलं होतं — कुणी विचारलं, येतं का, की मान ताठ आणि 'हो, मला येतं.' तुम्ही विमान चालवायचं विचारा. तेही येतं! आता त्या एका 'हो'वर तुम्ही तिचा अपंगांचा प्रवासभत्ता बंद करणार, म्हणजे तिच्यासारख्यांच्या कार्यशाळेला न्यायची गाडी बंद, म्हणजे ती घरात भिंतीकडे बघत — आणि हा फोटो. कुणी काढला? समोरच्या गॅलरीतला शेजारी ना? तीन दिवस एकच टॉवेल वाळत घालत होता, तेव्हाच म्हटलं, काहीतरी शिजतंय. बरं, नका सांगू.

सिग्नलला एकटी उभी आहे, हातात पावाची पिशवी. बरोबर. पण फोटोतून मागचा खांब कापलाय तुम्ही. त्या खांबाआड मी असतो — वीस पावलं मागे, टोपी खाली ओढून, नऊ वर्षं झाली. ती वळली की मी भिंतीवरच्या जाहिराती वाचतो. टक्कल घालवायची सगळी औषधं मला तोंडपाठ आहेत. मग मागच्या बोळातून धावत घरी, चपला भिरकावायच्या, पेपर उघडून बसायचं. ती येते, म्हणते, 'बाबा, मी एकटी गेले.' मी म्हणतो, 'वा!' — हे नका लिहू. अहो, खोडा ते! तुमच्या निकालाचं पत्र तिच्या नावानं येतं, कार्यशाळेतल्या ताई तिला वाचून दाखवतात. 'वडील मागून चालतात' हे तिच्या कानावर गेलं तर — दुसरं काहीतरी लिहा की, तुमच्याकडे शब्दांना काय तोटा?

त्या फोटोच्या दिवशी सिग्नल बिघडला होता. लाल तो लालच. लोक बिनधास्त ओलांडतायत आणि ही उभी. हिरवा झाल्याशिवाय जायचं नाही — तेही माझंच शिकवणं. तास झाला, दोन झाले. शेवटी गाडीवाले तिलाच वाहतूक पोलीस समजले, एका ट्रकवाल्यानं सलाम ठोकला, दुसऱ्यानं परवाना काढून दाखवला — हसलात? हसा. मग दुरुस्तीवाला आला, शिडी लावली, दिवा हिरवा झाला, तेव्हा बाईसाहेब निघाल्या. मी खांबाआडून सगळं बघत होतो. मग पुढं का नाही गेलो? गेलो असतो तर तिला कळलं असतं ना! दोन तास, हो. तुम्ही काय केलं असतं? — असं बघू नका माझ्याकडे.

खाली गाडीचं दार वाजलं. आली. तो फोटो आधी बॅगेत टाका. तुम्ही मीटर बघायला आलात, कळलं? उठा, उठा. आणि साहेब, हळूच सांगतो — ते सलाम, तो परवाना, मी रचलं. खांबाआडचा मीही. म्हणजे आधीचे दिवस खरे, तो एक नाही. त्या दिवशी गुडघा असा धरला होता की या खुर्चीतून उठताच आलं नाही. त्यानंतरही तिच्या मागं जायला एकदाही जमलेलं नाही. दुरुस्तीवाल्यानं दारापर्यंत आणून सोडली म्हणून कळलं तरी, नाहीतर — आलीस का गं? कुणी नाही, मीटरवाले आहेत. निघालेत.